ओंडक्याची तुळई हातानं काढायची तर: वाकस, दुकानातली कुऱ्हाड आणि स्वीडिश रुंद कुऱ्हाड

निकाल आधी सांगतो, कारण बरेच जण तेवढाच शोधत येतात. लोहाराकडून मापानं घडवलेला वाकस, म्हणजे दांड्याला आडव्या धारेचं तासायचं हत्यार, घ्याच. हार्डवेअरच्या दुकानातली साधी कुऱ्हाडही घ्या, पण तिची धार आहे तशी वापरू नका. स्वीडनहून मागवावी लागणारी रुंद कुऱ्हाड हत्यार म्हणून अव्वल आहे. तरीही साग, ऐन, किंजळ तासणाऱ्यानं पहिले पैसे तिच्यावर घालू नयेत. युरोप-अमेरिकेत राहून ताजा पाईन तासणाऱ्या मराठी माणसानं मात्र हा क्रम खुशाल उलटा करावा.

तिन्ही हत्यारांची पारख एकाच कामावर केली आहे. दहा फूट लांबीचा ओंडका, साल काढल्यावर शेंड्याकडचा घेर ३६ इंच, त्यातून आठ बाय आठ इंचांची चौकोनी तुळई. कोकणातल्या जुन्या घराच्या दुरुस्तीत हे माप वारंवार लागतं. हत्यारं चालवायची ती साग, ऐन, किंजळ, फणस या लाकडांवर.

हत्यारांकडे वळण्याआधी ओंडक्याचा हिशेब, कारण खरा पैसा लाकडात जातो. गोल ओंडक्यातून पूर्ण कोरांची, म्हणजे चारही कडा भरलेली, चौकट काढायची तर तिची बाजू व्यासाच्या ०.७ पट येते. टेपनं मोजतो तो घेर, म्हणून सोपा नियम असा: शेंड्याकडचा घेर भागिले साडेचार. ३६ इंचांना आठ इंच. घेर साल काढून मोजायचा. जाड सालीच्या ऐनावर सालीसकट मोजलं तर तुळई कोरांना कमी पडते आणि ते कळतं तेव्हा अर्धं काम झालेलं असतं. विक्रेता मात्र ओंडक्याच्या मधल्या घेराचा चौथा भाग धरून घनफूट काढतो. मधला घेर ४० इंच असेल तर दहा फुटांना ६.९४ घनफुटांचे पैसे द्यावे लागतात आणि आठ बाय आठची तुळई भरते ४.४४ घनफूट. म्हणजे पैसे दिलेल्या लाकडातला एक तृतीयांशाहून जास्त भाग ढलप्या होऊन चुलीत जातो. आरागिरणीत याच कडांच्या फळकुट्या निघतात, रिपा निघतात. हातकामाची ही खरी किंमत आहे आणि ती कुठलंही हत्यार घेतलं तरी कमी होत नाही.

सागाच्या बाबतीत आणखी एक मेख. बाहेरचा पांढुरका थर वाळवीला आणि भुंग्याला लगेच बळी पडतो. टिकतो तो आतला गाभा. कोरा पुऱ्या आणण्यासाठी ओंडक्याच्या कडेपर्यंत गेलात तर तुळईच्या चारही कोरांवर नेमका तो पांढरा थर येतो. कमी वयाच्या लागवडीच्या सागात हा थर जाड असतो. अशा लाकडाला घेराच्या साडेचाराऐवजी पाचाचा भाग धरावा, नाहीतर कोरा आधीच सोडून द्याव्यात.

परवानगीचं एका वाक्यात: साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी महाराष्ट्रात तोडीला परवानगी लागते आणि वाहतुकीला पासही लागू शकतो. वनखात्याच्या हातोड्याचा छाप ओंडक्याच्या टोकावर असतो, म्हणून लाकूड कामाच्या जागी पोचण्याआधी टोक छाटू नये.

आता मांडणी. दोन आडव्या ठोकळ्यांवर उथळ खाच करून त्यात ओंडका बसवायचा, उंची गुडघ्याच्या जरा खाली. दोन्ही टोकं काटकोनात वाकवून अणकुचीदार केलेल्या लोखंडी सळया ओंडक्यात आणि ठोकळ्यात ठोकून तो जखडायचा. या सळया कुणी दुकानात मागत नाही. लोहार अर्ध्या इंची सळईच्या करून देतो, चार पुरतात. ओंडका हलला तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं. दोन्ही टोकांवर ओळंब्यानं मधली उभी रेघ काढायची आणि तिच्यावरून गुण्यानं चौकट आखायची. एका टोकाची रेघ काढून ओंडका जरा फिरला आणि मग दुसऱ्या टोकाची काढली, तर तुळईत पीळ येतो. तो पुढे वाकसानं काढता काढता आठाची साडेसात होते.

दोरी मारताना होणारी चूक याहून सूक्ष्म आहे. पाण्यात कालवलेल्या कावेत (तांबड्या मातीत) बुडवलेली सुती दोरी दोन्ही टोकांच्या खुणांवर ताणायची आणि ज्या बाजूला तासायचं त्या पातळीतच, म्हणजे उभ्या बाजूसाठी नेमकी सरळ वर, उचलून सोडायची. ओंडका गोल आहे. दोरी किंचित तिरपी उचलली की रेघ मध्यावर बाजूला सरकते आणि दिसायला मात्र सरळ दिसते. ओंडक्याला बाक असेल तर दोरी मध्ये अंगठ्यानं दाबून दोन्ही अर्ध्यांत वेगवेगळी मारावी. पावसाळी दमट हवेत काव पसरते. तेव्हा दिव्याची काजळी जरा तेलात कालवून वापरली तर रेघ बारीक उठते.

आता पहिलं हत्यार, साधी कुऱ्हाड. हिचं काम खाचा पाडण्याचं आणि खाचांमधला जाड माल उडवण्याचं. आपल्या मापाच्या ओंडक्यात उडवायची जाडी शेंड्याकडे पावणेदोन इंच आणि बुंध्याकडे तीन इंचांच्या आसपास येते. फूट-सव्वा फुटावर इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा, गाठीजवळ सहा-सहा इंचांवर. खाच रेघेच्या एक सूत (इंचाचा आठवा भाग) अलीकडे थांबवायची. इथे घाई करणाऱ्याची खाच रेघेच्या आत जाते आणि तुळई तासून गुळगुळीत झाली तरी तो आडवा घाव राहतोच. बाहेरच्या खांबावर अशा घावात पाणी धरतं आणि कूज तिथूनच सुरू होते.

दुकानातल्या कुऱ्हाडी बहुतेक लाकडं फोडण्यासाठी घडवलेल्या असतात. पातं जाड, धारेचा कोन चाळीस अंशांच्या पुढे. जळाऊ लाकडाला ते बरोबर आहे, पण खाच पाडायला ती आत शिरत नाही, उसळते. विकत घेतल्यावर धार तीस अंशांपर्यंत उतरवावी, दोन्ही बाजूंनी हलका फुगीर उतार ठेवून. ग्राइंडरवर घासताना दर दोन-तीन फेऱ्यांनी पाण्यात बुडवावी. पात्याच्या कडेला निळा रंग दिसला की तिथला कडकपणा गेला, आणि तो भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही. डोक्याचं वजन दीड किलोच्या आसपास पुरे. दोन किलोची कुऱ्हाड दुपारनंतर रेघेवर पडत नाही. नेढं, म्हणजे दांडा बसायचं भोक, लंबगोल बघून घ्या. गोल नेढ्यात दांडा फिरतो आणि तिरप्या घावाला पातं वळून पायावर येतं. नेढ्याच्या आतला रंग खरवडून बघा, बारीक तडे रंगाखाली दडलेले असतात. एवढं पाहून घेतलं तर या पैशांत तक्रारीला जागा नाही.

दांडा मात्र दुकानाचा नको. धामणाचा सर्वांत चांगला, कारण तो लवचिक असतो आणि हाताला धक्का कमी देतो; तिवस किंवा बाभूळही चालते. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीभर धावलेल्या हव्यात. मध्येच बाहेर पडणारी रेषा दिसली तर तो दांडा तिथेच मोडणार. दांड्याचं लाकूड सावलीत पूर्ण सुकलेलं असावं. ओला दांडा पाचर मारून घट्ट बसवला तरी उन्हाळ्यात नेढ्यात खुळखुळतो, आणि मग लोक कुऱ्हाड रात्रभर पाण्यात टाकून ठेवतात. त्यानं दांडा तेवढ्यापुरता फुगतो, लाकडाचे धागे नेढ्यात चेपतात आणि सुकल्यावर तो आधीपेक्षा जास्त ढिला होतो.

वाकसाकडे येऊ. देशावर वासला म्हणतात तेच हे हत्यार. धार दांड्याला आडवी, उतार आतल्या बाजूनं म्हणजे मुठीकडे, पाठ बाहेर. आपल्याकडच्या तुळया, आढी, खांब यांचे तासलेले पृष्ठभाग प्रामुख्यानं याच हत्याराचे. तयार वाकस बाजारात मिळतात, पण हलके, दोन इंच पात्याचे, दार-खिडकीच्या कामाचे. तुळईसाठी दोन नग घडवून घ्यावेत. एक हातवाकस: डोकं सव्वा किलो, पातं अडीच ते तीन इंच, दांडा दीड फुटाच्या आत. दुसरा उभ्यानं दोन्ही हातांनी चालवायचा: डोकं पावणेदोन किलोच्या आसपास, पातं साडेतीन इंच, दांडा अडीच फूट. ओंडका वळवून तासायची बाजू वर आणली की मोठ्या वाकसानं जाड ढलपी निघते आणि हातवाकसानं पृष्ठभाग साफ होतो.

लोहाराला काय सांगायचं यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक भट्ट्यांवर ट्रकच्या पाट्याचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) पोलाद वापरतात आणि ते या कामाला उत्तम आहे. अट एवढीच, की पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं विझवून कडक करताना, पाणी वापरायचं नाही, तेल वापरायचं. पाट्याचं पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं तर धारेला केसासारखे तडे पडतात, आणि ते लगेच दिसत नाहीत. तेलात विझवल्यानंतर पातं पुन्हा हळूहळू तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. साग-ऐनाच्या वाकसाला धारेवर जांभळा रंग आला की थांबायचं. पिवळ्यावर थांबवलेली धार गाठीवर तुटते, निळ्याच्या पुढे गेलेली दुमडते. घाईत असलेले लोहार ही पायरी गाळतात. ती गाळली आहे की नाही हे भट्टीवरच कानशीनं तपासा. कानस धारेवरून काचेवरून सरकल्यासारखी गेली तर पातं जास्त कडक; खोलवर चावली तर मऊ. किंचित चावून सरकली तर पैसे द्या.

दुसरी तपासणी पात्याच्या बाकाची, आणि इथे बहुतेक वाकस नापास होतात. हत्यार मुठीत धरा, कोपर एका मोठ्या फळीवर टेकवा आणि धारेनं फळीवर कंस काढा. पात्याची पाठ त्या कंसाच्या किंचित आत राहिली पाहिजे, दोन-तीन सूत. पाठ खूप आत असेल, म्हणजे पातं जास्त सरळ असेल, तर प्रत्येक घाव लाकडात घुसतो आणि पृष्ठभागावर वाट्यांसारखे खड्डे पडतात. पाठ कंसाच्या बाहेर आली, म्हणजे बाक जास्त झाला, तर पाठ आधी घासते आणि धार लाकडाला लागतच नाही. हे दोष माणसाच्या हातातले समजून लोक आयुष्यभर हात सुधारत बसतात. लोहार पातं पुन्हा तापवून बाक बदलून देतो, फक्त त्यानंतर कडक करण्याचं आणि उतरवण्याचं काम पुन्हा करून घ्यावं लागतं.

धारेचा कोन पंचवीस ते तीस अंश. फणसाला पंचवीस चालतो, सुक्या ऐनाला तीसच्या खाली जाऊ नये. धार आतल्या उताराच्या बाजूनंच लावायची. पाठीवर फक्त दगड सपाट टेकवून शेव, म्हणजे धारेवर उलटून आलेली बारीक कड, काढायची. पाठीला जरा उतार आला तरी वाकस रेघ सोडतो. सागात सिलिका असते आणि ती धार खाते, म्हणून सागावर काम करताना दगड हाताशीच हवा. दोन-तीन फूट तासलं की चार हात मारायचे. धार बोथट झाल्यावर नव्हे, होऊ लागताच. ढलपी कापली जायची थांबून तिची पूड आणि तंतू निघायला लागले की वेळ झाली असं समजा. कार्बोरंडमचा दोन बाजूंचा साधा दगड या कामाला पुरतो. खोल चरे पडले तरच ग्राइंडर.

वाकस चालवताना दिशा महत्त्वाची. झाडाचे धागे सालीला समांतर असतात आणि खोड शेंड्याकडे निमुळतं होत जातं. म्हणून सरळ तुळईच्या रेघेच्या तुलनेत धागे शेंड्याकडे आत वळतात. बुंध्याकडून शेंड्याकडे तासलं तर ढलपी धाग्याबरोबर आत शिरते आणि तुळईतला माल ओढून नेते. शेंड्याकडून बुंध्याकडे तासलं तर फाट बाहेर निघते. पिळाच्या, म्हणजे धागे खोडाभोवती फिरत गेलेल्या, लाकडात हा नियम सरसकट लागू पडत नाही. गाठीपाशी दोन्हीकडून गाठीच्या दिशेनं यावं आणि गाठ शेवटी आडव्या घावांनी उतरवावी. वाकसाचा घाव पायाच्या दिशेनं येतो, म्हणून पाय घावाच्या रेषेत नको. ओंडक्यावर उभं राहून तासणारे तासायच्या जागेच्या मागे पाय रोवतात आणि चवडा उचलून ठेवतात. ही सवय लागेपर्यंत ओंडक्याच्या बाजूला उभं राहावं. धारदार वाकसाचा घाव बुटाच्या चामड्यानं अडत नाही.

मोठ्या वाकसाबद्दल एक तक्रार आहे. साडेतीन इंचांच्या पुढचं पातं लोहार हौसेनं करून देतो, पण सुक्या ऐनावर ते रुंदी भरून कापत नाही. दोन्ही कोपरे उचलले जातात आणि मनगटाला झटका बसतो. रुंद हवं असेल तर धार सरळ न ठेवता किंचित गोलाई द्यावी.

आता रुंद कुऱ्हाड. स्वीडनमधल्या ग्रेन्सफोर्श गावच्या ‘ग्रेन्सफोर्श ब्रुक’ या १९०२ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याची ‘१९००’ नावाची रुंद कुऱ्हाड या प्रकारात नावाजलेली आहे. तिच्या डोक्यावर घडवणाऱ्या लोहाराच्या नावाची आद्याक्षरं उमटवलेली असतात आणि दांडा हिकरी या अमेरिकन लाकडाचा असतो. पातं वीतभराला जरा कमी रुंद. एकाच बाजूनं उतार असलेलं पातं मागवलं तर ते उजव्या किंवा डाव्या हाताचं निवडावं लागतं. इथे चूक झाली तर हत्यार निरुपयोगी, कारण सपाट बाजू लाकडाकडे यायला हवी. उजव्या हाताच्या माणसाला सपाट बाजू डावीकडे हवी. दांडाही बाजूला झुकलेला घेता येतो, म्हणजे उभी बाजू तासताना बोटांची पेरं लाकडावर घासत नाहीत.

हिच्या कामाची पद्धत वाकसापेक्षा वेगळी आहे. ओंडका वळवायचा नाही; बाजू उभीच ठेवून वरून खाली, जरा तिरपं तासत जायचं. एकदा जखडलेला ओंडका दोन्ही बाजू होईपर्यंत हलत नाही, त्यामुळे ओळंबा वापरून बाजू नेमकी काटकोनात ठेवता येते. वाकसानं काम करताना ओंडका तीनदा वळवून तीनदा जखडावा लागतो आणि प्रत्येक वेळी आखणी तपासावी लागते. रुंद कुऱ्हाडीनं दोन बाजू झाल्या की एकदाच वळवायचा. ओल्या फणसावर हा फरक ठळक जाणवतो: रुंद, पातळ ढलप्या सलग सुटतात आणि पृष्ठभाग असा येतो की रंध्याची गरज उरत नाही.

मग आम्ही तिला मागे का ठेवतो? एक कारण लाकडाचं. या जातीच्या कुऱ्हाडीची धार पातळ असते आणि ती ताज्या, मऊ लाकडासाठी सर्वांत शोभते. सुक्या ऐनाच्या गाठीवर कुठल्याही कारखान्याची पातळ धार कपचा सोडते. कोन वाढवून धार जाड केली की तिची गुळगुळीत कापण्याची खासियतच कमी होते, आणि मग एवढे पैसे कशाला मोजले असा प्रश्न पडतो. दुसरं कारण दुरुस्तीचं. एकाच बाजूनं उतार असलेल्या पात्याची सपाट बाजू खरी सपाट नसते. तिला लांबीत अगदी हलकी फुगीरी ठेवलेली असते, म्हणजे पात्याचे कोपरे लाकडात रुतत नाहीत. गावातल्या ग्राइंडरवाल्याला हे सांगितलं नाही तर तो ती बाजू प्रेमानं सपाट करून देतो आणि त्यानंतर प्रत्येक घावाच्या शेवटी कोपऱ्याची रेघ उमटते. ही कुऱ्हाड घ्यायचीच तर धार लावायचं काम दुसऱ्याकडे देऊ नका. तिसरं कारण पैशांचं: आयात कर आणि कुरियर धरून जी रक्कम होते तिच्यात दोन वाकस, कुऱ्हाड, दोनमाणशी करवत, पहार, दगड आणि लोहाराची मजुरी बसते आणि पैसे उरतात.

एकाच बाजूनं उतार असलेली रुंद कुऱ्हाड लोहाराकडून करून घेण्याचा मार्गही आहे. चित्र दाखवून ती घडवली जाते, पण नेढं पात्याच्या सपाट बाजूशी समांतर बसवणं अवघड आहे आणि पहिल्या खेपेला ते क्वचितच जमतं. तपासणी सोपी: सपाट बाजू एका सरळ फळीवर टेकवा, दांडा फळीपासून दूर झुकत जायला हवा, फळीकडे येता कामा नये. फळीकडे येत असेल तर पहिल्याच फुटात बोटं सोलतात. शिवाय एवढ्या रुंद पात्याची धार एकसारखी तापवणं छोट्या भात्यावर कठीण. मध्य कडक आणि कोपरे मऊ असा प्रकार होतो. म्हणून लोहाराकडून वाकस, आणि रुंद कुऱ्हाड हवीच असेल तर कारखान्याची, असं आमचं मत आहे.

वाकसाचा न मोजता येणारा फायदा वाकड्या लाकडात दिसतो. बाकदार आढं, कमानीची लग, होडीची बरगडी इथे धाग्याच्या वळणाबरोबर जायचं असतं. आरागिरणी वळण कापून टाकते आणि लाकूड तिथेच कमकुवत होतं. रुंद कुऱ्हाडीचं रुंद पातं आतल्या वळणात बसतच नाही. मुंबईच्या गोदीत मलबारी सागातून बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळते. अशा नौकांच्या बरगड्या वळणाच्या लाकडातून वाकसानंच आकाराला येत.

जुन्या वाड्याच्या दुरुस्तीतही वाकसच लागतो, पण वेगळ्या कारणानं. बदललेली तुळई शेजारच्या जुन्या तुळयांसारखी दिसायला हवी असेल तर घावांची रुंदी जुळवावी लागते. जुन्या तुळईवर तिरपा उजेड टाकून घावांची रुंदी मोजा आणि तेवढ्याच पात्याचा हातवाकस घ्या. गिरणीतून कापून आणलेल्या तुळईवर वरवर वाकस मारून ‘हातानं तासलेली’ म्हणून विकणारेही आहेत. ओळखायचं असेल तर घावांच्या मधल्या भागात बघा; पट्टीच्या करवतीच्या बारीक समांतर रेघा तिथे कुठेतरी शिल्लक असतात. शिवाय हातानं तासलेल्या तुळईत खाचांचे एक-दोन आडवे घाव ठरावीक अंतरानं दिसतात, खोट्या कामात ते नसतात.

तयार तुळई तपासताना दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका टोकाकडून नजर लावायची. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. दहा फुटांत पाव इंचाचा पीळ तुळईला चालतो, दाराच्या चौकटीला चालत नाही. तुळईत खोडाचा मध्य आला की सुकताना तडा जाणारच. तो थांबवायची धडपड व्यर्थ आहे. न दिसणाऱ्या बाजूवर मध्यापर्यंत करवतीची एक खाच दिली तर तडा बहुधा तिथेच उघडतो. टोकांमधून ओल झपाट्यानं जाते, म्हणून तासून होताच टोकांना शेण-मातीचा जाड लेप किंवा जुना ऑइल पेंट लावावा. तुळया सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात. किंचित कमान आलीच तर बसवताना ती वरच्या बाजूला घ्यावी.

वेळेचा अंदाज: हत्यारांना धार लागलेली असेल आणि साग ओला असेल तर दोन सराईत माणसं अशी एक तुळई दिवसभरात काढतात. सुक्या ऐनाला दोन दिवस धरावेत. ओंडका सुकवून मग तासायचा विचार असेल तर तो सोडा. तोडल्यानंतर जितक्या लवकर चौकट काढाल तितका वाकस कमी झिजतो आणि लाकूडही कमी फाटतं. दहा-बारा तुळयांचं सरळ, एकसारखं काम असेल आणि गिरणीपर्यंत रस्ता असेल तर यातलं काहीच विकत घेऊ नका, ओंडके गिरणीत न्या. दोन-तीन तुळया, वाकडी लाकडं, ट्रक न पोचणारी वाडी किंवा जुन्याशी जुळवायचं काम असेल तरच हा खर्च वसूल होतो.

लोहाराकडे वाकस टाकायचा तो पावसाळ्याआधी. पेरणीच्या तोंडावर भट्टीवर नांगराच्या फाळांची आणि कोयत्यांची गर्दी असते, आणि वाकसाचं पातं सावकाश उतरवायला तेव्हा कुणालाच सवड नसते. दांड्याचं धामण त्याच्याही आधी, थंडीत कापून सावलीत ठेवावं.